शेळी धरता येईल असा ड्रेस

६ जानेवारी

ही डायरी पशुसखीच्या ट्रेनिंगला मिळाली. पुढच्या बाजूनं मी लसीकरणाच्या नोंदी करते: कोणतं गाव, किती शेळ्या, कोणती लस. मागची पानं कोरी राहतात आणि तपासायला येणाऱ्या मॅडम तिथपर्यंत कधी पोचत नाहीत. म्हणून आजपासून मागून लिहायचं ठरवलं. मनात फार साठलंय आणि घरात ऐकून घ्यायला कुणी नाही. मेंढरं आहेत, पण ती मधेच उठून जातात.

तर सकाळी मॅडमचा फोन आला. दहा फेब्रुवारीला बीडला कार्यक्रम आहे. जिल्ह्यातल्या पाच पशुसखींचा सत्कार, त्यात माझं नाव! आणि नुसता नारळ-शाल नाही. स्टेजवर जिवंत शेळी आणणार. ती धरायची, खुरं कापायची, डोळ्याची पापणी ओढून जंत आहेत का ते बघायचं, औषध पाजायचं. समोर पाचशे बाया आणि पहिल्या रांगेत साहेब लोक.

मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घोर लागला. शेळीचा नाही, साडीचा. खुरं कापायची तर उकिडवं बसून शेळीला दोन्ही गुडघ्यांत दाबावं लागतं. साडीत हे करायचं म्हणजे पदर दातात, निऱ्या वर खोचलेल्या, आणि तरी शेळीनं झटका दिला की साडी गुडघ्याच्या वर. वस्तीवर चालतं, तिथं बघायला शेळ्याच असतात. पण दिवाळीनंतर एका गावात बोकडानं मला फरफटत नेलं आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. त्यात माझा चेहरा कमी आणि पिंढऱ्या जास्त. सगळ्या ग्रुपांवर फिरला. कुणी हसरी तोंडं टाकली, कुणी काय काय लिहिलं.

सोमेश्वरनंही बघितला. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, पण वही माझी आहे.) त्यानं मोबाईल पालथा ठेवला आणि मेंढरांकडं निघून गेला. आजवर त्यावर एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

आता पाचशे बायांपुढं तेच व्हायचं असेल तर मी जाणार नाही. आणि जायचं तर मला आहे. म्हणून ठरवलं, ड्रेस घालायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या घरात एकाही सुनेनं ड्रेस घातलेला नाही. अंगभर पाहिजे, पक्का पाहिजे, आणि त्यात शेळी धरता आली पाहिजे.

८ जानेवारी

आत्याबाईंना सांगितलं. सासूला अशी बातमी भाकरी चालू असताना सांगावी, हात गुंतलेले असतात.

"दोन पायांत दोन पिशव्या घालून हिंडनार का?" म्हणाल्या.

"कार्यक्रमापुरतं, आत्याबाई."

"मी आख्खा जलम मेंढरामागं काढला. नऊवारीचा कासोटा मारला की घोड्यावर बसावं. तुमच्या ह्या गोल साड्यांनी वाटुळं केलं."

"मग मला नऊवारी नेसवा की."

यावर त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "तुला न्हाई शोभायची. तू शिकल्याली." म्हणजे नऊवारीला मी जास्त शिकलेली आणि ड्रेसला कमी. मधली जागा कोणती ते काही त्यांनी सांगितलं नाही.

११ जानेवारी

केजला गेले. दुकानात पहिल्यांदाच कपडे बदलायच्या खोलीत शिरले. खोली कसली, पडदा लावलेलं कपाट. तीन बाजूंना आरसे. स्वतःची पाठ मी आज पहिल्यांदा बघितली. बरी आहे.

सलवार घातल्यावर मजा वाटली. दोन्ही पाय वेगवेगळे असतात हे इतक्या वर्षांनी कळलं. एक ड्रेस घेतला, मेंदी रंगाचा, अंगभर, बाह्या मनगटापर्यंत. आतमधे उकिडवं बसूनही बघितलं, टिकला.

घरी आल्यावर गेंदीवर परीक्षा घेतली. गेंदी म्हणजे आमची थोरली शेळी, काळी कुळकुळीत आणि तालेवार. तिला गुडघ्यांत दाबली, तिनं एकदाच हिसका दिला आणि मांड्यांच्या मधोमध चर्र झालं. पुढून मागपर्यंत. आत्याबाई बाजेवर बसल्या होत्या. नुसता पदर तोंडाला लावला. बोललेलं परवडतं.

१५ जानेवारी

आज अंबाजोगाई. तिथं मोठी दुकानं आहेत, कॉलेजच्या पोरींची गर्दी. एका बाहुलीच्या अंगावरचा ड्रेस फार आवडला, कसा चापूनचोपून बसला होता! मला राहवलं नाही, मागं जाऊन बघितलं. पाठीला पंधरा टाचण्या. पुढून बसलेलं सगळं मागून टाचलेलं.

दुकानातल्या मुलीनं विचारलं, "काकू, कशासाठी पाहिजे? लग्न, साखरपुडा?"

"शेळी धरायला."

ती हसायची थांबेना. पण मुलगी चांगली, हसून झाल्यावर वीस ड्रेस काढून दाखवले. एकाच्या बाह्या जाळीच्या, एकाला पाठच नाही, एकाची चीर कमरेपर्यंत, एकाची सलवार इतकी तंग की शेळी राहू दे, माझीच मांडी आत जाईना. अंगभर होता तो पक्का नव्हता, पक्का होता तो अंगभर नव्हता. मी प्रत्येकाला उलटा करून शिवण ओढून बघत होते. शेवटी मालकच म्हणाला, "ताई, हे कपडे उभं राहायला असतात. बसायला नसतात."

येताना गाडीत हाच विचार. बायांचे कपडे कोण शिवतं आणि त्यांना कोण सांगतं की आम्ही बसतच नाही?

१८ जानेवारी

शेवटी हजराबीकडं गेले. युसूफ वडगावात शिवणकामाला तिच्यासारखा हात नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मग आधीच का गेले नाही? कारण मागच्या वर्षी मी तिच्या शेळीला लस दिली आणि चौथ्या दिवशी शेळी मेली. लसीनं नाही मेली, युरियाची गोणी खाऊन मेली. पण मेली ना. तेव्हापासून मी ती गल्ली टाळते.

तर हजराबी खाला उंबऱ्यावर उन्हात बसली होती. मी चार हातांवर जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत मान खाली घातली. ओळखच दिली नाही. "खाला, मी आलेय," म्हटलं तेव्हा कुठं म्हणाली, "कोन, बबिता का? ये की, भाईर कावून उबी?" म्हणजे शेळी अजून मनात आहे.

ड्रेसचं काढलं तर सरळ नाही म्हणाली. "मी आता ड्रेस शिवत न्हाई, बेटा. पेटीकोट, उशांचे आभ्रे, झालं."

"कावून?"

"कट्टाळा आला."

मी तो फाटका मेंदी ड्रेस पुढं केला. तिनं उलटा केला आणि शिवणीवरून बोटं फिरवत गेली. मग पार नाकापाशी धरला. मला वाटलं वास घेतेय, धुतला होता बाई. एकदम म्हणाली, "ह्याला मियानी कुटं हाय?"

मियानी म्हणजे सलवारीच्या दोन पायांच्या मधे लावायचा चौकोनी तुकडा. तो लावला की माणूस कसंही बसो, शिवणीवर ताण येत नाही. रेडिमेडवाले तो तुकडा वाचवतात. मी अर्धा जिल्हा पालथा घातला आणि भानगड होती टीचभर तुकड्याची!

खालाच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी हललं. ड्रेस तसाच चाचपत बसली. मग म्हणाली, "कापड आन. पर दुपारच्या आत येत जा. दारात ऊन हाय तवर मी बसते, मागनं न्हाई." वर आणि हुकूम, "बसलीच हायस तर तेवढ्या सुया ओवून जा." उशीला बारा सुया टोचलेल्या होत्या. मी गिऱ्हाईक की नोकर? पण ओवल्या.

२३ जानेवारी

कापड घेतलं. गडद निळं, मळखाऊ, जाड सुती. खालानं चिमटीत धरलं आणि म्हणाली, "जावेदच्या बायकूनं सलवारीला आनलं तेच हाय की. तिचं काळं हाय. केजच्या त्या बोळातल्या दुकानाचं." खरंच त्याच दुकानाचं! जावेद म्हणजे तिचा मुलगा, केजला त्याचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. मला तिच्या बोटांचा हेवा वाटला.

माप घ्यायची तऱ्हा तर बघण्यासारखी. टेप गळ्यात, पण तो हातात घेत नाही. एक सुतळी घेते आणि मापाला गाठ मारते. उंचीची एक, बाहीची एक, घेराची एक. मी विचारलं, "टेप कावून न्हाई?" तर म्हणाली, "टेपवर आकडे ऱ्हातेत, बाई गाठीवर ऱ्हाती." जुन्या लोकांचं काहीतरीच.

मग म्हणाली, "आता बस. शेळी धर." आणि गुडघ्यांत तक्क्या दिला. बसलेल्या बाईचं माप घेणारी शिंपीण मी पहिल्यांदा बघितली. गुडघा, मांडी, कंबर, सगळं बसल्या जागी. मधेच म्हणाली, "हिसका देती का लई?" मी म्हटलं, देती. तिनं गाठ एक बोट पुढं सरकवली.

आजही बारा सुया ओवल्या. मागच्या पाच दिवसांत तिनं बाराच्या बारा संपवल्या होत्या.

३० जानेवारी

सलवार झाली! गेंदीनं तीन हिसके दिले, एक ढुशी दिली, टाका हलला नाही. मी अंगणात उकिडवी बसून हसत सुटले.

आत्याबाई जवळ आल्या. "बगू, मधी काय शिवलंय." सलवार वाळत घातल्यावर त्यांनी ती उलटी केली, मियानी ताणून बघितली, सोडली, परत ताणली. मग म्हणाल्या, "आगं, ह्यो तर आमचा कासोटाच की. बसताना जागा द्यायला." आणि आत गेल्या. ही परवानगी समजायची का, ते विचारलं नाही. विचारलं की बदलतं.

४ फेब्रुवारी

कुडत्याचं कुठवर आलं ते बघायला गेले. जावेद आलेला होता. मी दाराबाहेर चपला काढत होते तेव्हा ऐकू आलं, "अम्मी, मशीन विकून टाकू. आता बस कर, केजला चल."

"ईद होऊ दे," खाला म्हणाली.

"दरसाल हेच म्हनती."

"ईद होऊ दे म्हनलं ना."

रमजान महिन्यावर आलाय. ईदच्या शिलाईचा मोह सुटत नसेल. या वयात किती ओढायचं माणसानं! चहा दिला तोही अर्धा बशीबाहेर. लक्ष सगळं मशीनवर. सुया ओवल्याच.

८ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

सकाळी खालानं ड्रेस वर्तमानपत्रात बांधून दिला. घरी येऊन अंगणात उलगडला आणि बघतच राहिले. एक बाही निळी, एक काळी. घरात नेला तर दोन्ही सारख्या वाटतात, उन्हात आणला की एक निळी, एक ठार काळी. माझ्या कापडात जावेदच्या बायकोचं कापड शिरलं होतं.

माझा राग वाईट आहे. तशीच चालत वडगावात गेले. दोन दिवसांवर कार्यक्रम, महिनाभर पायपीट, आणि ही बाई मेलेल्या शेळीचा सूड माझ्या बाहीवर काढते! वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत होते, आणि सगळं चांगलं ठरलं होतं.

"खाला, हे बगा," म्हणून ड्रेस तिच्या मांडीवर टाकला.

तिनं तो उलटा केला. बाहीच्या शिवणीवरून बोटं फिरवली. "काय वंगाळ हाय? टाक्याला टाका लागून हाय."

"शिवन न्हाई. रंग बगा."

ती थांबली. कापड नाकापाशी नेलं, उन्हात धरलं, परत नाकापाशी नेलं. "निळाच हाय की," म्हणाली. फार घाईनं म्हणाली.

आणि मग मला सगळं एकदम दिसलं. चार हातांवरून न दिलेली ओळख. सुतळीच्या गाठी. बशीबाहेरचा चहा. बारा-बारा सुया. मी तिच्या हनुवटीला हात लावला, तोंड उन्हाकडं केलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. हाताला सवयच ती.

"शेळी हाय का मी?" खाला ओरडली.

दोन्ही बुबुळं चुन्याच्या पाण्यासारखी पांढुरकी. मी दिवसाला वीस-वीस शेळ्यांचे डोळे ओढून बघते. पाच वेळा या बाईसमोर बसले, चहा प्यायले, आणि तिच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नाही. माझीच मला लाज वाटली.

"कदीपासून, खाला?"

"दोन वर्सं." मग हळू म्हणाली, "जावेदला सांगू नको. डोळे गेले म्हनलं की मशीन जाईल. मशीन गेली तर मी कोन? लेकाच्या घरातली म्हातारी. ही ईद हू दे, ती ईद हू दे, आसं करत रेटते."

"मोतीबिंदू हाय. आपरेशननं दिसतं परत."

"माझ्या नणदंचा डोळा गेलता आपरेशननं."

"तवाचं तवा. आता अंबाजोगाईला रोज करतेत."

नाही म्हणजे नाहीच. उलट म्हणाली, ठेवून जा, बाही उसवून दुसरी लावते. कशी लावणार? कोणत्या कापडाची लावणार? माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी ड्रेस घडी घालून काखेत मारला.

"हाच घालते. आन् माईकवर सांगते, युसूफ वडगावच्या हजराबीनं शिवला. पाचशे बाया आईकतील."

खालाचं तोंड उघडं राहिलं. "दोन रंगाच्या बाह्या आन् माझं नाव? चाळीस वर्सांत माजा टाका कुनी उसवला न्हाई, बबिता!"

"मग अंबाजोगाईला चला. नाव घेत न्हाई."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं रडतेय, पण शिव्या देत होती, तोंडातल्या तोंडात, तिच्या भाषेत. शेवटी म्हणाली, "लई हलकट हायस." म्हणजे येणार.

९ फेब्रुवारी

उद्या बीड. ड्रेस परत परत बघितला. घालू की नको? साडी नेसले तर पिंढऱ्या, हा घातला तर बाह्या. पण हाच घालते असं खालाला सांगून आलेय. आणि मियानी आहे.

सोमेश्वर जेवताना म्हणाला, "गेंदीला घेऊन जाऊ. टेम्पो सांगितलाय. सरकारी शेळी कशी आसंल काय म्हाईत." मी म्हटलं, तुम्ही येणार? तर म्हणाला, "गेंदीला कोन धरनार?" शेळीची एवढी काळजी या माणसाला.

११ फेब्रुवारी

काल बीड.

स्टेज, झालर, लाईट. लाईटमध्ये तर बाह्यांतला फरक मैलभर लांबून दिसत होता. माझं नाव पुकारलं आणि पहिल्या रांगेतल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मी गेंदीला आणलं, उकिडवी बसले, गुडघ्यांत दाबली. तिनं माईकचा आवाज ऐकून असा हिसका दिला की साडी असती तर मी आज हे लिहीत नसते. टाका हलला नाही. चारी खुरं कापली. पापणी ओढून माईकवर सांगितलं, "बायांनो, आत लालबुंद असलं तर बरं, पांढरट असलं तर जंत." आणि पुढं न ठरवता तोंडातून गेलं, "आन् शेळीचे बगता तसे घरातल्या म्हाताऱ्या मान्सांचेबी डोळे उन्हात बगत जा. मी बगितले न्हवते." टाळ्या पडल्या, पुष्कळ पडल्या.

सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी विचारलंच, "ताई, या वेगळ्या बाह्या फारच छान. कुणी शिवला ड्रेस?"

मी म्हटलं, "नाव ईदनंतर सांगते."

खाली उतरल्यावर कॉलेजच्या चार पोरी मागं लागल्या, काकू कुठून घेतला, आम्हाला असाच पाहिजे. दोन रंगी बाह्या म्हणजे फॅशन समजल्या. मी सांगायला गेले नाही.

सोमेश्वरनं पूर्ण व्हिडिओ काढला आणि टेम्पोत बसल्या बसल्या गावाच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. ज्या ज्या ग्रुपवर तो जुना आला होता त्या त्या सगळ्यांवर. त्याला ते ग्रुप पाठ होते, हे मला ठाऊक नव्हतं.

१९ फेब्रुवारी

अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळे पिकलेत, आधी उजवा करू. सही कुणाची, म्हणाले. जवळचं माणूस पाहिजे. तिनं सांगू नको म्हटलं होतं, ते मी मोडलं. जावेदला फोन केला.

तो गॅरेजच्या काळ्या हातांनी तसाच आला. मला वाटलं ओरडेल. आईसमोर खाली बसला आणि म्हणाला, "अम्मी, मला वाटलं तू थकलीस, म्हनून मशीन विकू म्हनत होतो. दिसत न्हाई हे कावून सांगितलं न्हाई?"

खाला माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "हिनं फसवलं." मी होते त्याच्या दोन हात डावीकडं बघून म्हणाली.

२० फेब्रुवारी

काल सही होताच ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. डोळा आहे. खालाला पहिल्यांदा काय दिसलं? भिंतीवरची पाल. म्हणाली, "झाडत न्हाईत का हितं?" आता महिनाभर धूळ नाही, धूर नाही, मशीन नाही. पुढं चष्मा.

२७ मार्च

आज वडगावात गेले. ईद चार दिवसांवर. खाला उंबऱ्यावर नव्हती, आत मशीनवर होती, आणि मशीनला नवीन पट्टा होता. जावेदनं घातला म्हणे. मी दारात पाऊल टाकलं, तोंडातून शब्द काढला नव्हता, तोच ती चष्म्यातून बघून म्हणाली, "बबिता, किती काळी पडलीस गं उन्हानं!"

मला माझं नाव इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

रोजा होता, म्हणून चहा नाही. मी पिशवीतून ड्रेस काढून दिला. आज तिनं तो उलटा केला नाही, शिवणीवरून बोटं फिरवली नाहीत. दोन्ही बाह्या धरून सरळ उजेडात नेला.

"या अल्ला. हे घालून तू सायबांपुढं उबी ऱ्हायलीस?"

"व्हय."

"लोकं काय म्हनले?"

"कॉलेजच्या पोरी म्हनल्या, आमाला असाच पायजे."

"आन् माझं नाव?"

"न्हाई घेतलं. शब्द दिलता."

ती हसायला लागली. हसता हसता चष्म्याखाली बोट गेलं, मी ओरडले, "डोळे चोळू नका म्हनलेत!" मग धीर करून मनातलं काढलं. म्हटलं, खाला, त्या शेळीचं मला फार वाईट वाटतं.

"कंच्या शेळीचं?" म्हणाली. खरंच आठवत नव्हतं तिला. वर्षभर मी ती गल्ली टाळली, कशासाठी कुणास ठाऊक.

तिनं कात्री घेतली आणि काळी बाही उसवायला बसली. मी म्हटलं, राहू द्या, मला आवडलीय. तर म्हणाली, "तुला आवडून काय करू? नाव सांगायचंय ना आता?" राहिलेलं निळं कापड तिनं जपून ठेवलं होतं. दारात नेऊन काळ्याशेजारी धरलं, दोन्हीकडं बघितलं, आणि निळं घेतलं.

मग उशीतली सुई काढली. माझा हात सवयीनं पुढं गेला. तिनं चापट मारली. "ठेव खाली."

दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, पिळलं, आणि सुई उजेडात धरली. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा दोरा फाटला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, कारण ते ऐकत नव्हते. तिसऱ्यांदा दोरा गेला.

तिनं गाठ मारली आणि सुई उशीला टोचली. बाहीला एकच सुई लागते. पण तिनं दुसरी काढली, तीही ओवली. मग तिसरी. बाराच्या बारा ओवून झाल्या, तेव्हा कुठं तिनं बाही हातात घेतली.